शीतोत्सवाचे अध्यक्ष आंबील पितात

जावयाने सासरवाडीच्या शिवारात कुठलाही कार्यक्रम वेळापत्रकाप्रमाणे पार पाडायला जाऊ नये. हे मी अनुभवाने सांगतो आहे, आणि अजून राग गेलेला नसताना सांगतो आहे.

माझी लेक सई लातूरच्या एका शाळेत चौथीत शिकते. ही शाळा दर हिवाळ्यात मुलांसाठी आणि पालकांसाठी 'शीतोत्सव' भरवते. गेल्या वर्षी तो सईच्या एका मैत्रिणीच्या बाबांनी भरवला होता. मैदानात हवा भरलेला रबरी किल्ला, कान फाडणारा डीजे आणि कागदी बश्यांत नूडल्स! यात हिवाळा कुठे होता, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. म्हणून यंदाच्या पालकसभेत मी तावातावाने उठलो आणि म्हणालो की उत्सव करायचा तर मातीत करा, येळवशीला करा, औशाजवळ माझ्या सासऱ्यांचं शेत आहे. टाळ्यांचा कडकडाट झाला आणि मुख्याध्यापिका देशमुख मॅडमनी मला तिथल्या तिथे अध्यक्ष करून टाकलं. (टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकही जण सतरंजी उचलायला पुढे आला नाही, हेही इथे नोंदवून ठेवतो.)

घरी येऊन बघतो तर सईने वर्गात आधीच जाहीर केलेलं. यंदाचा उत्सव माझे बाबा करणार आणि तो गेल्या वर्षीपेक्षा भारी होणार! किल्लेवाल्या मैत्रिणीने 'बघूच' म्हटलं होतं. आता पोरीची मान वर्गात ताठ राहायची की खाली जायची, हे सर्वस्वी माझ्या हातात होतं. मी बाजारातून पोती, लिंबं, चमचे, दोरखंड आणि एक खणखणीत शिट्टी आणली.

ज्यांना येळवस ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्याकडे शहरं ओस पडतात आणि शेतं भरतात. कडब्याची कोप उभारून तिच्यात पूजा करायची आणि मग पालेभाज्या-शेंगांची घट्ट भज्जी, भाकरी, खीर असं गळ्यापर्यंत जेवून वर गाडग्यातली थंडगार आंबील प्यायची. बांधावरून जाणाऱ्या माणसाला हाक मारून जेवू घालायचं आणि त्याने नाही म्हणायचं नाही. नाही म्हटलं तर तो त्या शेताचा अपमान.

मी नांदेडचा, तोही रेल्वे कॉलनीत वाढलेला. येळवशीचं जेवण मला माहीत होतं, तिची ताकद माहीत नव्हती. 'आधी खेळ, मग बक्षिसं, शेवटी जेवण' असा शिस्तशीर बेत मी सासऱ्यांना, म्हणजे विश्वनाथअप्पांना ऐकवला.

"जावईबापू, येळवशीला लेकरं उपाशी पळवायची?"

भरल्या पोटी पळणं आरोग्याला कसं घातक असतं, हे मी त्यांना सविस्तर समजावलं. "हाव, तुमचंबी बरोबर हाय," अप्पा म्हणाले. मराठवाड्यात हे वाक्य ऐकलं की बेत बदलावा. मी बदलला नाही.

येळवशीच्या सकाळी दोन बसगाड्या भरून मुलं आणि पालक शेतात उतरले. मुलं पोत्यांत पाय घालून ओळीत उभी राहिली. मी छाती भरून शिट्टी फुंकली. नेमक्या त्याच क्षणी पलीकडच्या शेतातल्या शिवलिंगमामांनी बांधावरून हाळी दिली, "या लेकराहो, जेवाया या!" आणि सगळी शर्यत पोत्यांसकट काटकोनात वळली! पोरं उड्या मारत हरभऱ्यातून थेट मामांच्या कोपीपाशी पोचली. पोरं एकटी कशी सोडायची, असं म्हणत पालकही गेले. एरवी ही मंडळी पोरांना शाळेच्या फाटकात सोडून मागे वळूनही बघत नाहीत.

मी बक्षिसांची आणि दोरखंडाची पिशवी खांद्यावर टाकून तणतणत मागे गेलो. मला बघताच मामांनी घोंगडी अंथरली. मी कामात आहे, असं मी कडक आवाजात सांगितलं.

"जावई बांधावर आला अन् तसाच गेला, तर शिवार काय म्हणंल?" मामा म्हणाले. "बसा. काम कुठं पळून चाललंय?"

काम खरोखरच पळून चाललं होतं. मी भज्जीचा दुसरा घास घेईपर्यंत पोरं पुढच्या कोपीकडे निघालीसुद्धा. मी आंबील घाईघाईने संपवून त्यांच्यामागे धावलो. तिथेही घोंगडी तयार, तिथेही 'जावई आले', तिथेही गाडगं. जेवणाऱ्या साध्या माणसाला दोनदा आग्रह होतो, जावयाला होणाऱ्या आग्रहाला मोजमाप नसतं. त्याच्या पुढच्या कोपीत मी खिरीला नको म्हणून बघितलं, तर तिथल्या आजींनी वाटीच काढून घेतली आणि ताट पुढे केलं. बाहेर कोवळं ऊन होतं, पाठीला कडबा होता. शिट्टीची दोरी सोडवण्यापुरता मी जरा टेकलो.

डोळे उघडले तेव्हा शिवारात कमालीची शांतता होती. माझ्याभोवती सगळी शाळा गोल करून बसलेली आणि प्रत्येकाच्या मांडीवर कागद. झालं होतं असं, की शिट्टी माझ्या गळ्यात, दोरखंड आणि बक्षिसं माझ्या डोक्याखाली. वाट बघून बघून देशमुख मॅडमनी बसमधले कोरे कागद वाटले आणि समोर दिसेल ते काढा म्हणून सांगितलं. समोर मी होतो.

मी संतापून बायकोला विचारलं, मला उठवलं का नाही? ती शांतपणे म्हणाली, "लेकरं पहिल्यांदा एका जागी बसली होती. मॅडमच म्हणाल्या, हलवू नका."

मी एकेक चित्र तपासलं. सगळ्यांत तोंड उघडं. एका चित्रात माझ्या पोटामागून सूर्य उगवत होता! यातल्या एकाही चित्राचा माझ्याशी संबंध नाही, असं मी अध्यक्ष या नात्याने जाहीर केलं.

"पण बाबा, सगळ्यांची सारखीच आलीत," सई म्हणाली.

तिचा चेहरा बघायचं मला धाडस होत नव्हतं. पण ती तर खुशीत होती. किल्लेवाली मैत्रीण माझं चित्र घरी न्यायला मागत होती आणि सई तिला ऐटीत सांगत होती की नीट धर, चुरगळू नको.

तरी स्वाभिमान म्हणून काही असतो. परतीच्या बसमध्ये मी मॅडमना बाणेदारपणे सांगितलं की पुढच्या वर्षी मला अध्यक्षपद नको. त्या लगेच म्हणाल्या, "नाहीच देणार. अध्यक्ष दुसरं कुणीतरी होईल, तुम्ही फक्त चित्रकलेला या."

मी रागारागाने हो म्हणालो.