सरड्यासाठी पाहिलेली घरं

आई गेल्यावर बाबांनी बोलणं कमी केलं, मग जवळजवळ सोडलंच. सकाळी उठून खुर्चीत बसायचे आणि मी ऑफिसमधून बोरीवलीला परत येईपर्यंत त्याच खुर्चीत असायचे. टीव्ही चालू, आवाज बंद. अशा माणसाने एके दिवशी जेवताना मान वर करून सांगितलं की, मला एक सरडा पाळायचाय. मी आमटी वाढता वाढता थांबले.

मोबाइलवर त्यांनी तो पाहिला होता. परदेशी जात, गळ्याखाली काटेरी दाढी. दिवसभर दिव्याच्या उबेत बसतो, किडे आणि भोपळा खातो आणि माणसाकडे बघत राहतो. कुत्र्याला खाली फिरवायला माझे गुडघे साथ देणार नाहीत, मांजर बाल्कनीतून पडेल, हा बिचारा कुठे जाणार नाही, असं सगळं त्यांनी पाठ केल्यासारखं सांगितलं. लहानपणी गावच्या दगडी गडग्यावर बसलेले सरडे ते तासन् तास बघायचे, हेही मला तेव्हाच कळलं. एवढं सलग ते आईच्या बाराव्यानंतर पहिल्यांदाच बोलत होते. मी हो म्हटलं. मी दमलेली होते, आणि दमलं की हो म्हणणं सोपं पडतं. नाही म्हणायचं तर कारणं द्यावी लागतात.

पहिला सरडा चारकोपहून आणला. तिथला एक माणूस घरीच पैदास करतो असं कळलं होतं. दारातच बाबांनी विचारलं, "गाव खंयचो?" निघाला आमच्या गावच्या खाडीपलीकडचा. झालं. जत्रा, देऊळ, कोणाची आंब्याची कलमं कोणी विकली, सगळं निघालं. कोकम सरबत आलं. आतल्या खोलीत खोक्यांची चळत होती, वास मारत होता आणि बरेचसे सरडे भरदिवसा डोळे मिटून पडले होते. हे असे का, म्हणून मी विचारायला गेले तर बाबांनी माझा हात दाबला.

"आपलोच माणूस आसा. असं तपासत बसतात काय?"

आमचं हे असं आहे. वर्षानुवर्षं जिच्याकडून मासे घेतो, त्या मावशीच्या टोपलीतल्या बांगड्याचेही कल्ले उचलून बघितल्याशिवाय बाबा पिशवी उघडत नाहीत. पण माणूस खाडीपलीकडचा निघाला, आणि जिवंत जनावर आम्ही न बघता घरी आणलं.

पहिले काही दिवस घर बदललं. बाबा माझ्याआधी उठून भोपळा बारीक चिरायचे. तो सरडा मधूनच पुढचा एक पाय उचलून हवेत हळूच फिरवायचा आणि बाबा काचेच्या अलीकडून हात वर करून "नमस्कार" म्हणायचे. मी डबा भरता भरता हसायचे. मग त्याने खाणं सोडलं. शेपटीच्या मुळाशी हाडं दिसायला लागली. अशा प्राण्यांवर उपचार करणारे एक डॉक्टर अंधेरीत सापडले. त्यांनी त्याचा जबडा बोटाने दाबला तर तो रबरासारखा वाकला. पोटात जंत, हाडं कच्ची. तुम्ही आणलात तेव्हाच हा आजारी होता, ते म्हणाले. "घेताना याला खाताना पाहिलं होतं का?"

दोन दिवसांनी सरडा गेला. गाववाल्याने फोन उचलला नाही, मग माझा नंबरच ब्लॉक केला.

आम्ही सोसायटीच्या बागेत तगरीखाली खड्डा केला. पण काचेच्या पेटीतला दिवा बाबा काही बंद करेनात. रिकाम्या पेटीत दिवा जळत राहायचा आणि ते त्याच्याकडे बघत बसायचे. आता टीव्हीही लागत नव्हता. एक दिवस मी भीत भीत विचारलं, दुसरा आणू या का? ते म्हणाले, "हाही मेला तर?" मला तीच भीती होती. दुसराही असाच हातचा गेला, तर बाबा त्या खुर्चीतून पुन्हा उठणार नाहीत, याची मला खात्री होती.

मग माझे शनिवार सुरू झाले. मुलीसाठी स्थळं बघत हिंडावं तशी मी सरड्यासाठी घरं बघत हिंडले. एका दुकानात काउंटरखालच्या बादलीत पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेली आपली देशी कासवं होती. ती घरात ठेवणं गुन्हा आहे. दुकानदार म्हणाला, कोण बघतंय मॅडम. मी निघाले. एक जण नुसते फोटो पाठवायचा, घरी येऊ का म्हटलं की त्याच्याकडे नेमके पाहुणे यायचे. एक जण म्हणाला, कुरिअरने पाठवतो, पोचेपर्यंत झोपलेला असतो. प्रत्येक जण घाईत होता. प्रत्येकाकडे शेवटचंच पिल्लू उरलं होतं. या माणसांचा मला कंटाळा आला होता आणि खरं सांगायचं तर सरड्यांचाही.

मुलुंडला सरड्यांची पैदास करणाऱ्या एका बाईंनी फोनवरच वैताग आणला. पेटीचा फोटो पाठवा, दिवा कुठला, किती जुना, दिवसा घरी कोण असतं? अहो, घेणारी मी आहे, असं अगदी ओठांवर आलं होतं. तरी बाबांना घेऊन गेले. दारातच साबणाने हात धुवायला लावले. चहा नाही, पाणी नाही. बाबांनी सवयीने विचारलं, "गाव कुठलं?"

"मुलुंडच. इथेच जन्मले."

बाबांनी चष्मा सारखा केला आणि बाजारात करतात तेच केलं. "जबडा दाखवता?" बाई पहिल्यांदा हसल्या. त्यांनी एक पिल्लू हातात घेऊन जबडा दाखवला, शेपटीचं मूळ दाखवलं, समोर किडा टाकला. पिल्लाने झडप घालून तो गिळला. मग शेजारच्या पेट्यांमधले त्याचे आईबाप दाखवले, अंड्यातून कधी बाहेर आलं ते सांगितलं. काही बिघडलं तर फोन करा, मी उचलते, म्हणाल्या. मला फार बरं वाटलं. संपलं एकदाचं, असंही वाटलं.

पिल्लू बाबांच्या तळहातावर ठेवलं. त्याने एक पाय उचलला. बाबांचा चेहरा असा मी आई असताना पाहिला होता.

"काका, वय विचारलं तर चालेल?" बाई म्हणाल्या.

"अठ्ठ्याहत्तर."

"हे पिल्लू दहा-बारा वर्षं जगेल. तुमच्यानंतर याचं कोण करणार?"

इतक्या जणांकडे मी गेले, हा प्रश्न कोणीच विचारला नव्हता. मला बाईंचा राग आला. बाबांसमोर असं विचारतात का? पण उत्तर द्यायचं होतं. "मी," मी म्हटलं. ऑफिसमध्ये म्हणते, गॅसवाल्याला म्हणते, बाबांच्या तपासण्या ठरवताना म्हणते, तसंच. माझा दमलेला आवाज मलाच ऐकू आला.

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पिल्लू अलगद बाईंच्या हातात दिलं.

"वयाने मोठा नाही का एखादा?"

बाईंकडे एक मादी होती. अंडी घालून घालून थकलेली, म्हणून तिला त्यांनी वेगळं ठेवलं होतं. विकायची नव्हती, पण चांगलं घर मिळालं तर देईन, असं म्हणाल्या. एका डोळ्याने आमच्याकडे बघत ती दिव्याखाली पसरून बसली होती.

"हिची किती राहिली?"

"नीट सांभाळलंत तर चार-पाच वर्षं."

"पुरे," बाबा म्हणाले.

रिक्षात मादीची पेटी बाबांच्या मांडीवर होती. मुलुंड मागे पडलं. "बाबा, पिल्लू घेतलं असतं तरी मी केलं असतं सगळं," मी म्हटलं.

"माहितीये गं," ते म्हणाले. "म्हणून तर नाही घेतलं." आणि पेटीवर येणारं ऊन हाताने अडवत बसले.