आई वर गेला

माझी बायको पाण्याखाली गेली तेव्हा मी तिच्याशी बोलत नव्हतो. अगदी अबोला म्हणता येणार नाही; सनक्रीम कुठे, पासपोर्ट कुठे, एवढं चालू होतं. पण दोन आठवडे घरात एकच विषय होता आणि तो कोणी काढत नव्हतं. एडिनबराच्या एका हॉस्पिटलने तिला कन्सल्टंटची जागा देऊ केली होती. दर सोमवारी सकाळी कॉव्हेंट्रीहून ट्रेन, गुरुवारी संध्याकाळी घरी परत. सुट्टीवरून परतलो की दुसऱ्याच दिवशी तिला हो किंवा नाही कळवायचं होतं. मी 'तू ठरव' म्हणून मोकळा झालो होतो, अशा आवाजात, की तिने नाहीच म्हणावं.

माल्टाची सुट्टी आधीच बुक झालेली, म्हणून आलो. स्कूबाची हौस मायलेकींची. मला पोहता येत नाही, पण ते कबूल करायची वेळच आली नाही. डायव्हिंगच्या दुकानातल्या फॉर्मवर 'दमा आहे का' असा प्रश्न होता आणि तिथे मी आयुष्यात पहिल्यांदा खुशीने 'हो'वर टिक केली. सर्दीचाही प्रश्न होता. बायको दोन दिवस नाक ओढत होती. घरात कोणी शिंकलं तर दहा प्रश्न विचारणारी ही डॉक्टरीणबाई, तिने बिनदिक्कत 'नाही'वर टिक केली. मला दिसलं, तरी मी गप्प बसलो. बोलायचं नव्हतं ना.

जिथे डुबकी मारायची तिथे वाळू वगैरे काही नव्हती. नुसते खडक, आणि एक लोखंडी शिडी थेट समुद्रात उतरलेली. बरोबर शिकवणारा एक दाढीवाला आणि त्याची सहकारी. आमची पंधरा वर्षांची लेक त्या घट्ट रबरी सुटात शिरताना हसून हसून बेजार झाली होती. शिडीपाशी बायको मागे वळली आणि सवयीने म्हणाली, "येते."

बाहेर जाणाऱ्याने 'येतो' म्हणायचं, घरात राहणाऱ्याने 'ये' म्हणायचं. नुसतं 'जा' म्हणायचं नाही. इंग्लंडात वीस वर्षं राहून आम्ही तिथी विसरलो, उपास विसरलो, पण हे सुटलं नाही. कचऱ्याची बिन बाहेर ठेवायला जातानासुद्धा आमच्याकडे 'येतो' म्हणतात. त्या सकाळी मी फोनमधून डोकं वर न काढता म्हणालो, "जा."

तिने ऐकलं. जरा थांबली, मास्क चढवला आणि उतरली.

चाळीस मिनिटं लागतील असं सांगितलं होतं. पाचव्या मिनिटाला मी उठून उभा राहिलो. सुरुवातीला पाण्यावर बुडबुडे दिसत होते, चौघांचे चार ठिकाणी. मग एक बोट गेली, पाणी ढवळलं आणि त्यानंतर मला एकही बुडबुडा सापडेना. मी खडकावर या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालू लागलो. खिशातला इन्हेलर काढला, परत ठेवला. एका शब्दाने काय होतंय, असं स्वतःला चार वेळा बजावलं. मी सॉफ्टवेअरमधला माणूस, असल्या गोष्टी मानत नाही. तरीही तो 'जा' काही केल्या पुसला जाईना. पाणी तसंच निळं, तसंच शांत. मला त्या निळ्या रंगाचा राग यायला लागला.

शेवटी शिडीजवळ लेकीचं डोकं वर आलं, मागोमाग दाढीवाल्याचं. तिने मास्क काढला. नाकाखाली रक्ताची बारीक रेघ होती; पाण्याच्या दाबाने असं होतं, हे मला नंतर कळलं.

"बाबा, आई कुठे आहे?"

"तुमच्याबरोबर ना?"

"नाही. आई तर केव्हाच वर गेला." आणि तिने अंगठा वर करून दाखवला.

आमची लेक कॉव्हेंट्रीची. तिची आई 'गेला' आणि तिचं दूध 'सांडली'. आम्ही सुधारणं कधीच सोडून दिलंय. पण 'वर गेली' म्हटल्यावर मराठी माणूस काय समजतो, हे तिला कोणी शिकवलंच नव्हतं.

"कधी?" मी विचारलं.

"लाइक, ट्वेन्टी मिनिट्स अगो. मग ऑक्टोपस दिसला, सो आम्ही थांबलो."

पुढचं मला नीट आठवत नाही. बूट, पँट, खिशात फोन आणि इन्हेलर, असा मी शिडीवर कमरेपर्यंत पाण्यात होतो. कुठे जाणार होतो, देव जाणे. दाढीवाला बोटांचं वर्तुळ करून सगळं ठीक असल्याची खूण करत होता आणि मला त्याचा गळा धरावासा वाटत होता. डोक्यात एवढंच होतं, की माझा तिच्याशी शेवटचा शब्द 'जा'.

"तू पाण्यात काय करतोयस?"

ती माझ्या मागे खडकावर उभी होती. खांद्यावर टॉवेल, हातात चहाचा कागदी कप. सर्दीने कान दुखायला लागले म्हणून तिने अंगठ्याने 'वर जायचंय' अशी खूण केली होती. त्या सहकारी बाईने तिला वळणापलीकडच्या शिडीने वर आणून रस्त्यावर उभ्या त्यांच्या व्हॅनपाशी बसवलं होतं.

"मग इकडे का नाही आलीस?"

"दिसत होतास की फेऱ्या मारताना. म्हटलं, बोलत नाहीस तर येऊन काय करू."

लेकीने काय सांगितलं ते ऐकून ती खोकला येईपर्यंत हसली. मग तिचं लक्ष माझ्या हातांकडे गेलं. ते अजून शिडीचा गज घट्ट धरून होते. तिचं हसणं थांबलं. 'वर जाणं' म्हणजे काय, ते तिने लेकीला हळू आवाजात समजावलं. लेक पांढरी पडली. "सॉरी, बाबा," म्हणाली आणि ओल्या सुटासकट मला बिलगली.

मला बायकोला पुष्कळ सांगायचं होतं. तोंडातून निघालं, "सर्दी असताना 'नाही' कशाला लिहिलंस?"

"तू बघितलंस ना? मग तेव्हा का नाही बोललास?"

एका हाताने मी खिशातला भिजलेला फोन काढून खडकावर ठेवला.

सूट परत द्यायला ती व्हॅनकडे निघाली. दोन पावलांवर वळली आणि जरा दबकत म्हणाली, "येते."

"ये," मी म्हणालो. मग गज न सोडताच म्हणालो, "गुरुवारी पण ये."

ती थांबली. कोणत्या गुरुवारी, ते तिने विचारलं नाही.