दोन टिंबं

अण्णांना काहीही विचारा, ते उलट विचारायचे, "आत्ता, का लागंल तवा?" चहा घेणार का, म्हटलं तरी हेच. सुट्टीचा अर्ज भरतानासुद्धा हेच. ऑफिस हसायचं, आणि मी कीबोर्ड आपटायचे.

हो, मी अण्णांवर जळायचे. उगाच कशाला लपवू? मी पुण्यात इंजिनिअरिंग करून सोलापुरात परतलेली, ते होटगीचे, डिप्लोमावाले. चादरींची नक्षी काढायचं सॉफ्टवेअर आम्ही करायचो आणि त्यात लीडची, म्हणजे टीमच्या प्रमुखाची, जागा रिकामी होती. मला ती हवी होती. आईला तर मी आधीच सांगून बसले होते.

जेवणाच्या सुट्टीतसुद्धा या माणसाने मला सोडलं नाही. त्यांच्या डब्यातल्या कडक भाकरीभोवती आणि शेंगाचटणीभोवती सगळे जमायचे. माझी पोळी-भाजी कोण बघतंय! फोनवर घरच्यांशी कानडी, आमच्याशी मराठी, आणि मला "अक्का". वयाने मी लहान, तरी अक्का.

आमच्या सॉफ्टवेअरचे तुकडे जोडून एक प्रोग्रॅम बनवणारी एक बिल्ड फाइल होती. तिच्यात नावं असत आणि प्रत्येक नावाला किंमत. नवीन पोरांना ती समजावताना अण्णा डबा पुढे ओढायचे. "नाव म्हंजे डबा. नुसतं बरोबरचं चिन्ह टाकलं तर डबा बंदच. ज्या टायमाला उघडाल, त्या टायमाला आत असंल ते मिळतंय. चिन्हाआधी दोन टिंबं टाकली, की लिवताना जे आत हाय तेच कायमचं." मला हे पुस्तकातून पाठ होतं. पण पोरं माझ्याकडे कधी आली नाहीत.

मग ती चूक झाली. प्रोग्रॅमचे दोन भाग एकाच बिल्डचे आहेत हे कळावं म्हणून दोन्हींवर सेकंदापर्यंतची वेळ छापायची होती. मी 'वेळ' असं नाव घेतलं, बरोबरचं चिन्ह टाकलं आणि पुढे घड्याळ विचारायची आज्ञा लिहिली. गिऱ्हाइकाकडे प्रोग्रॅम चालेचना. दोन भाग जुळत नाहीत, म्हणे. तीन दिवस मी गिऱ्हाइकाच्या मशीनला दोष देत होते. चौथ्या दिवशी अण्णांनी सरांसमोर फाइल उघडली, एकदा वाचली आणि म्हणाले, "अक्का, दोन टिंबं ऱ्हायली की. दर भागाला घड्याळ नव्यानं बघतंय हे." मी मान वर करायच्या आत सरांना म्हणाले, "मलाबी ह्यानं लई येळा फसवलंय, सर."

ओरडले असते तर बरं झालं असतं. हे पांघरूण घालणं मला जास्त झोंबलं. पाठ असलेलीच गोष्ट चुकले होते मी! पुढच्या सोमवारी सरांनी अण्णांना लीड केलं. मी टाळ्या वाजवल्या आणि बाथरूममध्ये जाऊन रडले.

त्या दिवसापासून प्रत्येक बिल्डच्या शेवटी पडद्यावर 'जबाबदार' म्हणून अण्णांचं नाव उमटू लागलं. दिवसातून वीसदा मी ते वाचायचे.

वर्षभराने त्यांना बेंगळुरूची नोकरी लागली. तीही मला हवी होती, ते जाऊ दे. निरोपाला मी चादर दिली. "येतो, अक्का," म्हणाले आणि गेले. सरांनी लीडची जागा मला दिली.

पहिलं काम ठरलेलंच होतं: ते नाव पुसायचं. फाइल उघडली. 'जबाबदार'समोर अण्णांचं नावच नव्हतं. नुसतं बरोबरचं चिन्ह आणि पुढे 'लीड' हा दुसरा डबा. त्यांचं नाव होतं ते खाली, त्या 'लीड'मध्ये. वरच्या ओळीला त्यांनी टीप जोडली होती: "दोन टिंबं मुद्दाम टाकली न्हाईत. ही जागा अक्कांची हाय, त्यांचं नाव आलं की आपोआप दिसंल." फाइलच्या जुन्या नोंदींत ओळ कधी लिहिली ते बघितलं. तो सोमवारच होता. मी बाथरूममध्ये रडत होते, तेव्हा हा माणूस इथे बसून माझ्यासाठी डबा बंद ठेवत होता.

मी 'लीड'मध्ये माझं नाव लिहिलं. बिल्ड चालवलं. शेवटी माझं नाव आलं आणि मला ते धड वाचता येईना.

टीप मी पुसलेली नाही. परवा मीही ठरवलं, त्या 'जबाबदार'च्या ओळीत दोन टिंबं टाकायची नाहीत, उद्या माझ्या जागी कुणीतरी येईलच. पण हे मला आधी सुचलं नाही, त्यांना सुचलं, याचा जळफळाट मात्र अजून होतो.