फ्लेक्सवर लिहिलेली मोहीम

माझ्या चुकांबद्दल आणि वाकड्या अक्षराबद्दल आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली. ऱ्हस्व-दीर्घ मला तेव्हाही जमत नव्हतं. हे कुणाला दाखवायचं नाही, तरी लाज वाटते.

माझा धाकटा दीर फौजेत आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा तो शाळेत जायचा; माझ्या हातचं खाऊन मोठा झाला. पुढं खास तुकडीच्या कसोटीत तो टिकला. त्यानंतर सुट्टीवर आला, तेव्हा भाकरी थापता थापता मी विचारलं, "तुमच्या तुकडीचं नाव काय हाय?"

"नुसता आकडा हाय, वहिनी," म्हणत त्यानं तो सांगितला.

"एवढ्या मोठ्या तुकडीचं बारसं न्हाई केलं कुणी?"

तो खूप हसला. मग सांगू लागला. कुण्या तुकडीला पाखराचं नाव देतात, कुणाचा जुन्या पलटणीचा आकडाच पुढं चालतो. कुणाला वाळवंटासाठी तयार करतात, कुणाला पाण्यासाठी, कुणाला बर्फासाठी. मोहिमेचं नाव मात्र वरून येतं, आणि नावावरून कामाचा पत्ता लागू नये असंच ते ठेवतात.

"तुमच्या मिरचीवानी," तो म्हणाला.

मला बराबर समजलं. मी शेडनेटमध्ये मिरचीच्या बियाण्यासाठी क्रॉसिंगच्या, म्हणजे नर फुलाची भुकटी मादी फुलाला लावायच्या कामावर जाते. तिथं नर रोपांच्या ओळीला फक्त आकडा असतो. वाण कोणतं ते कंपनी सांगत नाही, आम्हीही बाहेर बोलत नाही. म्हणून पुढं जे केलं ते न समजून केलं, असं मला म्हणता येत नाही.

जाताना त्यानं न्हाणीघर बांधायला पैसे माझ्याजवळ ठेवले. "औंदा बर्फाकडं जाणं हाय. कुणाला बोलू नका," एवढं फक्त मला सांगितलं.

आमच्याकडं कुणी पोलिसात लागला तरी स्टँडवर फ्लेक्स लागतो. शेजारी राहणारी माझी चुलत जाऊ शेडनेटमध्ये सगळ्यांदेखत म्हणाली, "तुमच्या फौजीचा काऊन न्हाई लागला? का खर्चा जड झाला?" बाया हसल्या. मला चारचौघांत उत्तर देता येत नाही. दुसऱ्या दिवशी मी एकटीच भोकरदनला गेले. दिराच्या पैशातून सगळ्यात मोठा फ्लेक्स सांगितला, वरून पेढे घेतले. फ्लेक्सवाल्यानं विचारलं, "निवड कशासाठी झाली, ते टाकू का?" मी तुकडीचा आकडा सांगितला. बर्फातल्या मोहिमेचंही सांगितलं. त्यानं ते लाल अक्षरात टाकलं आणि खाली 'हार्दिक अभिनंदन' लिहिलं.

फ्लेक्स स्टँडवर लागला, गावातल्या पोरांनी त्याचे फोटो मोबाईलच्या स्टेटसला ठेवले. मग दिराचा फोन आला. "वहिनी, फ्लेक्स उतरवा. आत्ताच." आणि फोन ठेवला.

पुढच्या सुट्टीत कळलं, फ्लेक्सपायी त्याला बर्फाकडं जाणाऱ्या टोळीतून काढलं होतं. बाकीचे गेले, हा सामानाच्या कोठीत दोर मोजत बसला.

"मंग तुमच्या जागी?"

"दुसरा गेला."

तो खाली मान घालून बसला होता, आणि माझा जीव भांड्यात पडला होता. हा गेला नाही, हा इथं माझ्यासमोर जेवतोय, एवढंच मनात आलं. त्या दुसऱ्याचीही कुणी वहिनी असेल, माय असेल, हे नंतर सुचलं. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

"आला का तो वापस?" मी विचारलं.

"ते सांगायचं नसतं, वहिनी."

आधी त्यानं मला सांगितलं असतं.

फ्लेक्सचे आणि पेढ्यांचे पैसे मी क्रॉसिंगच्या मजुरीतून थोडे थोडे बाजूला टाकत गेले. या खेपेला तो आला तेव्हा त्याच्यासमोर ठेवले. पूर्वी दहा रुपये परत दिले तरी म्हणायचा, "राहू द्या, पेढे खा." मी वाट पाहिली. त्यानं नोटा उचलल्या आणि न मोजता खिशात घातल्या.

"सगळे हायेत," मी म्हणाले.

"हो," तो म्हणाला, "फिटले."