पेटीजवळचा माईक

रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं आणि सरकारी समारंभांसाठी नवे गायक हवे होते. वहिनींनी अर्ज केला. गाण्याची सीडी त्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत कचेरीत पोचवायची होती आणि ती करून द्यायचा विडा मी उचलला होता. घरातला नवा कॉम्प्युटर माझा, म्हणून अक्कलही माझीच.

आमच्या बूढापारा मोहल्ल्यातल्या गल्लीत स्कूटरींचा गोंगाट, म्हणून खिडक्या लावल्या, पंखा बंद केला. एक माईक वहिनींच्या तोंडासमोर ठेवला. तेवढा पुरला असता, पण मला ऐट मिरवायची होती. दुसरा पेटीजवळ लावला. पेटी त्या स्वतःच वाजवत होत्या.

गाणं झालं. ऐकलं तर आवाज पातळ, डब्यातून आल्यासारखा. मी बेधडक सांगून टाकलं की तुमचा गळा बसलाय. त्या गरम पाणी प्यायल्या आणि पुन्हा गायल्या. मग पुन्हा. सातव्या खेपेला आवाज खरोखरच फाटला. साडेतीन वाजले होते.

"राहू द्या भाऊजी. आता माझ्यात गाणं नाही राहिलं," म्हणाल्या आणि पेटी बंद करून आत गेल्या.

मी चिडून पहिलं गाणं पुन्हा लावलं. हात लागून पेटीजवळच्या माईकचा ट्रॅक बंद झाला आणि खोलीत वहिनींचा भरदार आवाज घुमला. त्यांचा आवाज दुसऱ्या माईकमध्येही शिरला होता, फक्त किंचित उशिरा. झोक्याला एकाने ढकलावं आणि त्याच वेळी दुसऱ्याने मागे ओढावं, तसे ते दोन आवाज एकमेकांना मारत होते. गळा ठणठणीत होता. गाढवपणा माझा होता.

पेटी गाळून चालणार नव्हतं. प्रोग्रॅममध्ये फेज सरकवायची, म्हणजे एक आवाज दुसऱ्याच्या किंचित मागेपुढे करायची, एक पट्टी होती, तिला मी कधी हात लावला नव्हता. थोडी सरकवली तर आवाज आणखीच बारीक झाला. घाम फुटला. उलटीकडे नेली, अगदी हळू. स्वर भरत गेला आणि एका जागी पेटी आणि गळा दोन्ही नीट बसले.

वहिनी दारात उभ्या होत्या. हे कितवं, त्यांनी विचारलं. पहिलं, मी म्हणालो.

"मग सकाळपासून मी कोणाची चूक निस्तरून राहिली होती?"

"माझी."

सीडी निघेपर्यंत साडेचार झाले. मी स्कूटरची किल्ली उचलली. वहिनींनी माझ्या हातातून सीडी घेतली, रिक्षा थांबवली आणि स्वतःच द्यायला गेल्या.