मधली उडी

आमच्या घराण्यात माझ्याएवढा उंच माणूस आधी झाला नव्हता. नायना, म्हणजे माझे वडील, बेताच्या उंचीचे. अम्मा त्यांच्याहून बुटकी. घराची दारंही त्यांच्याच मापाची. मी प्रत्येक चौकटीला कपाळ लावून आत जायचो, आणि कपाळ लागून झालं की अम्मा न चुकता म्हणायची, "हळू रे." या उंचीचं करायचं काय, हा प्रश्न घरात वारंवार निघे. कापड जास्त लागतं, जेवण जास्त लागतं, झोपल्यावर पाय उंबऱ्याबाहेर जातात. तोट्याची बाजू सगळ्यांना तोंडपाठ होती.

फायद्याची बाजू शोधून काढली ती आमच्या ड्रिलमास्तरांनी.

मास्तर तरुणपणी मद्रासला व्यायामाचं शिक्षण घ्यायला गेले होते आणि येताना बास्केटबॉल घेऊन आले होते. चेंडू नव्हे, तो पुढे मुंबईहून मागवला; खेळ घेऊन आले. शाळेमागच्या मुरमाच्या मैदानावर त्यांनी दोन खांब रोवले, लोहाराकडून लोखंडी कड्या करून घेतल्या आणि आम्हाला शिकवायला सुरुवात केली. त्या काळी या खेळात एक नियम होता. एका संघाने गोल केला, की चेंडू पुन्हा मैदानाच्या मध्यावर आणायचा. तिथल्या रिंगणात दोन्ही संघांचा एकेक गडी समोरासमोर उभा राहायचा, पंच चेंडू वर उडवायचा, आणि दोघांनी उडी मारून तो आपापल्या गड्यांकडे टोलवायचा. म्हणजे प्रत्येक गोलानंतर खेळ नव्याने सुरू. आम्ही याला मधली उडी म्हणायचो.

ही उडी माझी. मुरमावर चेंडू नीट उसळत नसे, त्यामुळे तो आपटत पळण्याची कला आमच्यात कोणालाच नव्हती, आणि मला तर नुसतं पळणंही जमत नसे. माझे पाय एकमेकांच्या वाटेत यायचे. पण रिंगणात उभं राहून हात वर करायचं काम मला उत्तम जमे. चेंडू वर गेला की तो माझाच. मी टोलवायचो, आमचे चपळ गडी गोल करायचे, पुन्हा मधली उडी, पुन्हा माझा हात. समोरच्यांना चेंडूला हात लावायला मिळाला तर ती आमची मेहेरबानी.

मास्तरांनी या नियमाला आपल्याकडची थोडी भर घातली होती. ते आधी ड्रिलचे मास्तर, मग खेळाचे. गोल झाल्यावर मुलं मध्याकडे पळत सुटतात हे त्यांना अशिष्ट वाटे. म्हणून आमच्याकडे गोल झाला, की सगळ्यांनी पाठ फिरवायची, छाती पुढे काढायची आणि पावलात पाऊल टाकून रिंगणापर्यंत चालत यायचं. पाहुणा संघही आमचं बघून तसाच चालायला लागे. बघणारे म्हणत, काय शिस्त आहे! खेळापेक्षा चालणंच बघायला जास्त लोक जमायचे, असा माझा समज आहे.

ही शिस्त न पाळणारा एकच गडी होता, सांगोल्याचा. घरी मेंढरं, इथे बोर्डिंगात राहून शिकायला आलेला. आपल्या कडीखाली उभं राहून समोरच्यांना अडवणं हे त्याचं काम. गोल झाला तरी तो तिथून हलत नसे. मास्तर ओरडले की म्हणे, "मास्तर, परत हितंच यायचं हाय की. मग तितं जायाचं कशाला?" मास्तरांनी त्याला उन्हात उभं केलं. उन्हात उभं राहायची त्याला सवयच होती. शेवटी मास्तरांनी त्याचा नाद सोडला.

तर असा आमचा संघ सोलापुरात अजिंक्य होता. सोलापुरात संघ तीनच होते हे खरं: आम्ही, पोलीस आणि एका गिरणीतले कारकून. पण अजिंक्य ते अजिंक्य.

त्या वर्षी पुण्याच्या एका कॉलेजचे प्रोफेसर पुतणीच्या लग्नासाठी सोलापुरात आले होते. कॉलेजचा जिमखाना त्यांच्याकडे. लग्नघरात कंटाळून ते फिरत फिरत आमच्या मैदानावर आले, आणि पोलिसांविरुद्ध एकामागून एक उड्या मारताना त्यांनी मला पाहिलं. मास्तरांना ते म्हणाले, "पुढच्या हिवाळ्यात तुमचा संघ पुण्याच्या स्पर्धेला आणा. तिथे कॉलेजचे संघ असतील. त्यांच्यापुढे हा मुलगा असा खेळला, तर मॅट्रिकनंतर आमच्याकडे घेतो. फी माफ, राहणं-जेवण कॉलेजचं."

मी घरी येऊन हे सांगितलं. नायनांनी ऐकून घेतलं. ते गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते, आणि मॅट्रिक झालो की मला तिथे चिकटवायचं असं जॉबरशी, म्हणजे खात्याच्या मुकादमाशी, त्यांचं बोलणं झालं होतं. ते म्हणाले, "उडी मारली तर कॉलेज देतात?" मी हो म्हणालो. ते म्हणाले, "बघ. नाही झालं तर भोंगा आहेच." त्यात टोमणा नव्हता. गिरणीचा भोंगा रोज पहाटे आम्हा सगळ्यांना उठवायचा. त्यांना तो घड्याळासारखा होता. मला मात्र त्या दिवसापासून तो माझंच नाव घेऊन बोलावतो आहे असं वाटू लागलं. मला कॉलेजात जायचं होतं. का, ते धड सांगता आलं नसतं. तिथली दारं उंच असतील, एवढं नक्की वाटायचं.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आदल्या वर्षीचा हिवाळा. भाकऱ्या आणि शेंगाचटणीची गाठोडी घेऊन आम्ही पुण्याला उतरलो. तिथलं मैदान सिमेंटचं, त्यावर चुन्याच्या सरळ रेषा. कॉलेजची मुलं आमच्याहून दोन-चार वर्षांनी मोठी, मिशा फुटलेली, पायात कॅनव्हासचे बूट. आम्ही अनवाणी. पण मी त्यांच्यात नजर फिरवली, आणि माझ्या खांद्याच्या वर एकही डोकं दिसेना. मी मनातल्या मनात कॉलेजच्या खोलीत ट्रंक कुठे ठेवायची ते ठरवून टाकलं.

सामन्याआधी पंचांनी मास्तरांना विचारलं, "यंदाचे नवे नियम माहीत आहेत ना?"

आमच्या मास्तरांनी एखादी गोष्ट आपल्याला माहीत नाही असं कधी कबूल केलं नव्हतं. ते म्हणाले, "अर्थात."

खेळ सुरू झाला. पहिली मधली उडी झाली, चेंडू माझा, आमच्या गड्यांनी पहिला गोल केला. प्रोफेसर खुर्चीवर बसले होते, त्यांनी मान डोलावली. आम्ही पाठ फिरवली, छाती पुढे काढली आणि पावलात पाऊल टाकून मध्याकडे निघालो.

रिंगणात पोचून मी हात वर करतो आहे तोवर मागे गलका झाला. वळून पाहतो तर कॉलेजच्या मुलांनी चेंडू रेषेबाहेरून आत फेकून केव्हाच पुढे नेला होता. तिघेजण आमच्या कडीवर चालून गेले होते आणि त्यांच्यासमोर एकटा सांगोल्याचा. त्याने एकदा अडवलं, दुसऱ्यांदा त्यांनी गोल केला. आम्ही पंचांकडे पाहिलं. पंचांनी चेंडू आमच्याकडे टाकला आणि खेळा म्हणून खूण केली. आम्हाला वाटलं, पुण्याच्या मुलांना शिस्त नाही.

पुन्हा आमचा गोल. पुन्हा आम्ही चालू लागलो. पुन्हा मागे तेच. बघणारे आधी बुचकळ्यात पडले, मग हसू लागले, आणि नंतर तर आमच्या पावलांवर टाळ्यांचा ठेका धरू लागले. मास्तर रेषेबाहेर ताठ उभे होते. चेहऱ्यावरून पाहणाऱ्याला वाटलं असतं, हा डाव त्यांनीच आखला आहे.

मध्यंतरात कोणीतरी त्यांना सांगितलं. मधली उडी नियमातून काढून टाकली होती. आता ती खेळाच्या सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर, एवढीच. गोल झाला की समोरच्याने लगेच चेंडू घेऊन पळायचं, थांबणं नाही. खेळ वेगवान व्हावा म्हणून कोणी शहाण्या माणसांनी कुठेतरी बसून असं ठरवलं होतं. मास्तर आमच्याजवळ आले आणि म्हणाले, "आता गोल झाल्यावर चालायचं नाही."

"मग काय करायचं, सर?" मी विचारलं.

"पळायचं," मास्तर म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता दुसरीकडे बघू लागले.

मध्यंतरानंतरची उडी मीच जिंकली. त्या सामन्यातल्या दोन्हीच्या दोन्ही मधल्या उड्या मी जिंकल्या, हे कोणी नाकारू शकत नाही. बाकी वेळ मी मैदानावर होतो, एवढंच म्हणता येईल. चेंडू माझ्या कमरेखालून इकडून तिकडे जात होता आणि मी त्याच्यामागे वळत होतो. आमच्या इतर गड्यांचे पायही डोक्याचं ऐकेनात. गोल झाला की दोन पावलं मध्याकडे पडायचीच. एका गड्याला मात्र काहीच विसरावं लागलं नाही. तो आपल्या कडीखाली होता तिथे होता. उडणारे चेंडू तो शांतपणे झेलायचा, धावून येणाऱ्याला अंगावर घ्यायचा, आणि पुन्हा आपल्या जागी.

आम्ही भरपूर हरलो. सामना संपल्यावर प्रोफेसर आले. मी पुढे झालो, घामाने भिजलेला सदरा सारखा केला. ते माझ्या शेजारून पुढे गेले आणि सांगोल्याच्या पाठीवर थाप मारून मास्तरांना म्हणाले, "नवा खेळ कळलेला हा एकच गडी तुमच्याकडे आहे. काय दूरदृष्टी! याला पाठवून द्या." मग मी दिसलो तेव्हा मलाही म्हणाले, "उडी छान आहे हो तुमची." मेलेल्या माणसाबद्दल बोलतात तशा आवाजात.

परतीच्या गाडीत सांगोल्याचा माझ्यासमोर मान खाली घालून बसला होता. कुर्डूवाडी गेल्यावर म्हणाला, "मला न्हाय जायाचं तिकडं. मेंढरं कोन बघनार? तू जा की माझ्या जागी."

मला राग आला. त्याच्यावर नव्हे असं म्हणणं चांगलं दिसेल, पण त्याच्यावरच आला. ज्याला कॉलेज हवं त्याला मिळत नाही, आणि ज्याला मिळतं तो मेंढरांचं नाव काढतो. मी म्हणालो, "जागा काय बाकावरची आहे का सरकून द्यायला? गप जा." जूनमध्ये तो पुण्याला गेला.

मी गिरणीत लागलो. साचेखात्यात जॉबर माझ्यावर बेहद्द खूश होता. वर फिरणाऱ्या दांड्यावरचा पट्टा घसरला, की इतरांना शिडी आणावी लागे. मी नुसता हात वर करायचो. नायना सोबत्यांना सांगत, "आमच्या पोराची उंची अखेर कामाला आली." त्यांना अभिमान वाटत होता.

पुढच्या उन्हाळ्यात सांगोल्याचा सुटीवर आला आणि सरळ आमच्या घरी. पायात कॅनव्हासचे बूट, बोलणं थोडं पुण्याचं झालेलं. म्हणाला, "चल, मैदानावर जाऊ." माझी पाळी संपली होती, अंगाला कापूस चिकटलेला होता. मला त्याच्याशी खेळायचं नव्हतं, तरी गेलो. शाळेतली तीन-चार मुलं तिथे होती. दोन बाजू पाडल्या. तो आता कडीखाली उभा राहत नव्हता. वाऱ्यासारखा पळत होता, मुरमावरसुद्धा चेंडू त्याच्या हाताला बांधल्यासारखा उसळत होता. पाहता पाहता त्याने गोल केला.

चेंडू आमचा होता. नव्या नियमाप्रमाणे आता मी तो उचलून पळायचं. मी वाकलो, पण चेंडू त्यानेच आधी उचलला. त्याने आमच्याकडे पाठ केली, छाती पुढे काढली आणि पावलात पाऊल टाकत मैदानाच्या मध्याकडे चालू लागला. शाळेतल्या साऱ्या वर्षांत मास्तरांनी एवढं ओरडूनही जो एकदाही तिथे आला नव्हता, तो रिंगणात जाऊन उभा राहिला, आणि चेंडू दोन्ही हातांत धरून माझी वाट बघू लागला.

"ये की," तो म्हणाला. "उडवतो."