अंकलची रविवारची हजेरी

सांडोरला आमच्या वाडीत विहिरीच्या अलीकडे एक पत्र्याची खोली आहे. पूर्वी तिथे खताच्या गोणी असायच्या. चाळिशी उलटल्यावर मी हौशी रेडिओची परीक्षा दिली, परवाना मिळवला, गोणी बाहेर काढल्या आणि तिथे माझा सेट मांडला. नवरा म्हणाला, "आता हे काय नवीन?" मी म्हटलं, तुम्ही दिवसभर क्रिकेट बघता तेव्हा मी विचारते का? तो विषय तिथेच संपला.

दोन माडांच्या मध्ये एक तार ताणलेली आहे. तिच्या जोरावर मी जगातल्या अनोळखी माणसांशी बोलते. काय बोलता, असं सगळे विचारतात. खरं सांगायचं तर काहीच नाही. तुमचा आवाज चांगला येतोय, आमच्याकडे ऊन आहे, तुमच्याकडे काय, बरं, नमस्कार. वीस वर्षं मी हेच बोलत आले आणि यात आनंद कसला, हे मला आजवर कोणाला पटवता आलेलं नाही. आता मी तो नाद सोडला आहे.

त्या तारेमुळेच अंकल माझ्याकडे आले. एका दुपारी कुंपणापाशी उभे राहून वर बघत होते. उंच, तांबडेलाल, हाफ पँट आणि हातातल्या पिशवीतून अळूची पानं बाहेर आलेली. ते कोण हे मला माहीत होतं, तसं ते सगळ्या गावालाच माहीत होतं. त्यांची बायको आमच्याच आळीतली, शाळेत माझ्यापुढे चार वर्षं. नर्स होऊन ती उत्तरेकडच्या एका थंडगार देशात गेली, तिथल्याच माणसाशी लग्न केलं आणि तीसेक वर्षांनी नवऱ्याला घेऊन बापाच्या घरी राहायला आली. मरायचं तर इथेच, असं म्हणायची. दोन वर्षांत तिने ते खरं करून दाखवलं. आता हा म्हातारा परत जाईल असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. तो गेला नाही. दर आयतवारी चर्चमधली मिस्सा झाली की तिच्या कबरीवरच्या क्रॉसपाशी उभा राहायचा आणि बाजार करून घरी यायचा.

"बाय," अंकल मला म्हणाले, "तुझी तार तिरकी आहे."

ओळख ना पाळख आणि पहिलंच वाक्य हे. त्यांचं मराठी बायकोने शिकवलेलं, त्यात 'तुम्ही' नव्हतंच. फादरनाही ते 'तू' म्हणायचे. मी फणकाऱ्याने म्हटलं, गेली कित्येक वर्षं तिरकीच आहे आणि चालतेय. दुसऱ्या दिवशी ते शिडी घेऊन आले. तार सरळ केली, आणि आवाज खरंच सुधारला. त्याचा मला राग आला, हेही कबूल करते.

तिकडे त्यांनी पन्नास वर्षं रेडिओ चालवला होता. इथे मात्र त्यांना फक्त ऐकता येत होतं. तिथला परवाना इथे चालेना. इथला वेगळा काढायला हवा, आणि परदेशी माणसाला तो व्हिसा असेपर्यंतच मिळणार. व्हिसा एका वर्षाचा. अर्ज, पोलीस चौकशी, शिक्के आणि पुन्हा चौकशी या सगळ्याला वर्षाहून जास्त वेळ लागायचा. मग कागद यायचा की व्हिसाची मुदत संपली आहे, नवीन प्रत जोडून पुन्हा अर्ज करावा. तीन वेळा मी तो फॉर्म भरून दिला. भांडावं तरी कोणाशी? प्रत्येक कागद आपापल्या जागी बरोबरच होता.

आणि त्यांना बोलायचं होतं. अगदी थोडंसं. त्यांच्या गावचे, एकाच क्लबात वाढलेले, त्यांना धरून सात म्हातारे-म्हाताऱ्या होते. कोणी बेटावर एकटं राहणारं, कोणी मुलाकडे दुसऱ्या देशात गेलेलं. दर रविवारी त्यांच्या सकाळी, म्हणजे आपल्याकडे दुपारी तीनला, ते सगळे रेडिओवर एका ठरलेल्या जागी जमायचे. एक निवृत्त शिक्षिका हजेरी घ्यायची. प्रत्येकाची अक्षरं आणि आकडे, म्हणजे कॉलसाइन, पुकारायची. तो माणूस दोन वाक्यं बोलायचा की पुढचा. शेवटची हाक अंकलची. उत्तर येणार नाही हे बाईला माहीत असायचं, तरी ती अर्धा मिनिट थांबायची. अंकल माझ्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून त्या अर्ध्या मिनिटात आपल्या भाषेत मोठ्याने उत्तर द्यायचे. ते फक्त मला ऐकू जायचं आणि मला त्यातलं ओ की ठो कळत नसे.

मग माझं काम. त्यांची भाषा मला येत नाही, म्हणून मोर्सची किल्ली दाबून मी माझं कॉलसाइन द्यायचे आणि साधं एक वाक्य पाठवायचे: तो इथे आहे, बरा आहे, ऐकतो आहे. पलीकडून तीन-चार किल्ल्या वाजायच्या. झाली हजेरी.

फोन नव्हता का, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं. "फोनवर भेट होते," अंकल म्हणाले. "हजेरी लागत नाही." सातही जण असेच हेकट. ईमेल बायको बघायची, तिचा पासवर्ड तिच्याबरोबर गेला. मोबाइल विहिरीच्या टाकीत पडला, मग बायकोच्या भाच्याने नवा घेऊन दिला, नव्या नंबरासकट. तो नंबर अंकलनी कोणाला कळवला नाही. गरज काय, दर रविवारी बाय आहेच.

एकदा आम्ही सेट उचलून राजोडीला गेलो. खाऱ्या पाण्याच्या काठावर आवाज लांब जातो. वाळूत बांबू रोवून तार बांधली. सुकत घातलेली मासळी उलटी करणारी एक बाई बराच वेळ बघत होती. शेवटी तिने विचारलं, "काय गो, तार लावून पानी मोजता का?" अंकलनी तिला पंधरा मिनिटं सगळं समजावलं. ती म्हणाली, "म्हंजे याला बोलू देत नाय? मंग आनलास कशाला त्याला?" अंकल खो खो हसले. परतीच्या रिक्षात मात्र गास गावच्या शेतांकडे बघत राहिले.

त्यानंतरच्या हिवाळ्यात माझ्या मुलीचं बाळंतपण पुण्याला होतं. सोमवारी निघायचं होतं. रविवारी तीन वाजता मी स्वयंपाकघरात डिंकाचे लाडू वळत होते. अंकल दारात येऊन म्हणाले, "बाय, हजेरी." मी म्हटलं, अंकल, आज तुम्ही नुसतं ऐका, माझे हात तुपात आहेत, पाक आटतोय, पुढच्या वेळी सांगू. मी पाच-सात आठवडे नसेन, एवढं पाठवायला दोन मिनिटं लागली असती. हात धुवायला एक. मी उठले नाही. आपला निरोप ही इतकी मोठी गोष्ट असेल, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. दर आठवड्याला तेच वाक्य पाठवून पाठवून मला त्याचा कंटाळा आला होता, हेही खरं.

बाळ अशक्त निघालं. पाच आठवड्यांचे नऊ झाले. अंकल घरी त्यांच्या लहान रिसीव्हरवर ऐकत होते. तिसऱ्या रविवारी त्या शिक्षिकेने भारतातलं कोणी आहे का म्हणून विचारलं. चौथ्या रविवारी सगळ्यांनी आळीपाळीने विचारलं. पाचव्या रविवारी त्यांच्यातला एक जण म्हणाला की जुन्या नंबरावर फोन केला, लागत नाही. हे सगळं अंकलनी ऐकलं आणि मला पुण्याला कळवलं नाही. नंतर मी रागावले तेव्हा म्हणाले, "तू बाळाजवळ होतीस. बाळ मोठं काम."

मी शनिवारी परत आले. रविवारी तीनला अंकल खोलीत आले, खुर्चीत बसले. मी सेट लावला, किल्ली पुढ्यात ओढली. त्या दिवशी हजेरी वेगळीच चालली होती. प्रत्येक जण बराच वेळ बोलत होता. एक हसला, एकाचा आवाज मध्येच बंद पडला. अंकल पुढे वाकून ऐकत होते. मग त्या शिक्षिकेने अंकलचं कॉलसाइन पुकारलं आणि ती थांबली. मी किल्लीवर बोटं ठेवली. अंकलनी माझं मनगट धरलं. तिने पुन्हा पुकारलं, पुन्हा थांबली. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी नको अशी मान हलवली. मनगट सोडलं नाही. तिने तिसऱ्यांदा पुकारलं. मग एक लांबलचक मिनिट नुसती खरखर. कोणी निरोप घेतला नाही. एकेक सेट बंद झाल्याचं कळत होतं.

"काय झालं?" मी विचारलं.

"मी मेलो," अंकल म्हणाले.

त्यांच्याकडची रीतच तशी होती. सोबतचा कोणी गेला की प्रत्येकाने त्याच्याबद्दल काही सांगायचं. मग त्याला तीन वेळा हाक मारायची, प्रत्येक वेळी उत्तराची वाट बघायची आणि न बोलता सेट बंद करायचे. त्या दिवशी पुन्हा लावायचे नाहीत. चौघांसाठी अंकलनी हे स्वतः केलं होतं. मध्ये कोणी बोलायचं नसतं. मी तरीही किल्ली बडवली. तो जिवंत आहे, तो जिवंत आहे. दहा मिनिटं. पलीकडे कोणीही नव्हतं. अंकल मला पाणी देत होते.

मग त्यांनी मला एकेकाचं सांगितलं. एक म्हणाला, तो नेहमी उशिरा यायचा. एकाच्या गच्चीवरची तार बर्फात तुटली होती, ती जोडायला अंकल गेले होते आणि घसरून पडले होते, ते तो विसरला नव्हता. शिक्षिका म्हणाली की तो भयंकर बेसूर गायचा आणि त्याची बायको त्याच्याहून हुशार होती. "हे खरं," अंकल म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते, पण चेहरा मला जवळजवळ सुखी वाटला. त्याची मला भीती वाटली.

मी म्हटलं, पुढच्या रविवारी पहिल्यांदा मी बोलणार. सगळं माझ्यामुळे झालंय, मीच सांगणार, माफी मागणार. लागलं तर आजच पत्ते शोधून पत्रं टाकते.

"नको," अंकल म्हणाले.

"असं कसं नको?"

"बाय, आम्ही सात होतो. आता सहा. एक नव्वदीला आली. मी खरा मरेन तेव्हा हे करायला कोण उरेल?" ते थोडं थांबले. "आता आहेत. आता झालं."

मी हरप्रकारे समजावलं. ते लोक रडताहेत, अंकल, फुकट रडताहेत. ते म्हणाले, फुकट नाही, माझ्यासाठी. मी चिडले, ओरडले, हे पाप आहे म्हणाले. हळूहळू माझ्या लक्षात आलं की मला मुख्यतः माझी चूक पुसायची आहे. ते त्यांनाही कळलं असणार. त्यांनी माझ्याकडून काही न कळवण्याचं वचन घेतलं. चौथ्यांदा भरून ठेवलेला परवान्याचा फॉर्म टेबलावर होता, तो घडी करून खिशात घातला आणि घरी गेले.

त्यानंतरही ते दर रविवारी येत राहिले. सेट चालू, माझा परवाना भिंतीवर, किल्ली पुढ्यात. हजेरी सहाव्या माणसाशी संपायची. त्यानंतर बाई थांबत नसे. अंकल ऐकायचे, कोणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, कोणाकडे बर्फ पडलं ते मला सांगायचे. मोठ्याने उत्तर द्यायचं त्यांनी बंद केलं होतं. एकदा मी न राहवून किल्लीकडे हात नेला. त्यांनी नुसतं बघितलं. मी हात मागे घेतला. पावणेदोन वर्षं आम्ही असे बसलो.

मग ते गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. भाच्याने सगळं व्यवस्थित केलं, बायकोशेजारीच जागा मिळाली. चर्चमध्ये पंधरा-वीस माणसं होती. फादर नवे, त्यांनी अंकलना फारसं बघितलेलं नव्हतं. परदेशी असूनही आपल्यात मिसळले, शांत स्वभावाचे होते, एवढं ते म्हणाले. मी काहीतरी बोलायला उठायला हवं होतं. पण इथे अशी पद्धत नाही, आणि मी हिंदू, बाहेरची. मी बाकावर बसून राहिले.

रविवारी तीनला सवयीने खोलीत गेले, सेट लावला. त्या पावणेदोन वर्षांत सहाचे चार जण उरले होते. शिक्षिका नव्हती, हजेरी दुसराच कोणी घेत होता. वचन आता सुटलं असं मी स्वतःला सांगितलं आणि किल्लीवर बोटं ठेवली. काय पाठवायचं ते मनात जुळवायला लागले. तो गेला, एवढंच तर सांगायचं होतं. आणि त्या चौघांना ते आधीच माहीत होतं.